घर घ्यावे वाजवून

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. आजवर या मंडळात मी भजनाला मागच्या ओळीत बसले आणि वनभोजनाला पुढच्या ओळीत वाढपाला उभी राहिले. यंदा कार्यकारिणीने ठरवले की वर्धापनदिनाला बाहेरचा पाहुणा न बोलावता आपल्यातल्याच एकीने संसारात शिकलेली एखादी गोष्ट सांगावी, आणि चिठ्ठी निघाली ती माझ्या नावाची. मी पुष्कळ नाही म्हणून पाहिले. मग मनात आले, की एक गोष्ट अशी आहे की जी आम्ही पैसे मोजून, आणि पैशापेक्षाही जास्त काही मोजून शिकलो. ती आजवर लाजेने कोणाला सांगितली नाही. आज सांगते. बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्यावी.

गोष्ट आहे घर घेण्याची. ‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. पण आता बांधणारे थोडे आणि बांधलेले विकत घेणारे जास्त. म्हणून मी म्हणते, घर पाहावे मोजून, आणि घ्यावे वाजवून.

२०११ साली आम्ही पहिले घर घेतले. त्याआधी बारा वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत काढली होती. सासूबाई आमच्यापाशीच असत. त्यांचा एकच ध्यास होता, की मरण्याआधी स्वतःच्या घरातल्या ओट्यावर स्वयंपाक करायचा. भाड्याच्या खोलीत ओटा नव्हता. स्टोव्ह टेबलावर ठेवून आम्ही दोघी रांधत असू. आपल्या सांगलीतच, गावठाणापासून थोड्या अंतरावर, दोन गुंठ्यांत बांधलेले तीन खोल्यांचे घर विकाऊ आहे असे कळले. मधल्या एजंटाने दाखवले. पुढे अंगण, मागे पेरूचे झाड आणि पूर्वेच्या बाजूला लांबट स्वयंपाकघर, त्यात काळ्या कडाप्प्याचा ओटा! सासूबाई त्या ओट्यावरून हात फिरवत उभ्या राहिल्या. घर तिथेच ठरले म्हणा ना.

पैसे कमी पडत होते. बँकेचे कर्ज झाले, यांनी फंडातून उचल केली, तरी तोंडमिळवणी होईना. तेव्हा सासूबाईंनी हातातल्या पाटल्या काढून यांच्यापुढे ठेवल्या. त्या पाटल्या त्यांच्या आईच्या होत्या. हे नको नको म्हणत होते, त्या म्हणाल्या, “हातात असल्या काय नि भिंतीत असल्या काय, घरातच आहेत.”

मी शेतकऱ्याची मुलगी. माझे वडील दर दिवाळीला शेताच्या हद्दीच्या दगडांना चुना लावीत आणि मला म्हणत, “दगड बोलत नाही, पण साक्ष तोच देतो.” असे असूनही मी त्या दिवशी एका शब्दाने विचारले नाही, की या जागेचे दगड कुठे आहेत? ह्यांनी एजंटाला मोजणीचे विचारले, तर तो हसून म्हणाला, “साहेब, चारी बाजूंना तारेचं कुंपण आहे. आणखी काय मोजायचं?” खरेच, टेप लावून पाहिले तर कुंपणाच्या आत तेहतीस फूट रुंदी आणि सहासष्ट फूट लांबी भरली. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, १०८९ चौरस फूट; दोन गुंठे म्हणजे २१७८. हिशेब बरोबर. मिळकत पत्रिकेवरचे क्षेत्रही तेवढेच. बँकेचा माणूस येऊन फोटो काढून गेला. आम्ही समजलो की बँकेने पैसे दिले, म्हणजे घर तपासूनच दिले.

इथेच पहिली चूक झाली. बँकेचा माणूस घराची किंमत ठरवायला येतो. आपले कर्ज बुडाले तर या घरातून वसूल होईल की नाही, एवढे तो बँकेसाठी पाहतो. तो तुमच्यासाठी आलेला नसतो. हे मला पुढे कळले.

दोन वर्षे सुखात गेली. २०१३ साली पूर्वेच्या शेजाऱ्यांनी घर बांधायला काढले. माणसे भली. बांधण्यापूर्वी त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर अर्ज करून हद्द कायम मोजणी मागवली. आम्हाला नोटीस आली, हे म्हणाले, “मोजू देत की, आपलं काय जातंय?” ठरल्या दिवशी भूकरमापक आले. नकाशा उलगडून त्यांनी मापे घेतली, पुन्हा घेतली, आणि हद्दीची खूण केली ती आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर, ओट्याच्या अलीकडे.

भगिनींनो, कागदावरचे क्षेत्र बरोबर होते, पण जागेवरची जागा चुकीची होती. आमचे दोन गुंठे खरे. पण सारे घर पूर्वेकडे सहा फूट सरकवून बांधले होते. पश्चिमेकडचे आमचे सहा फूट कधीच रस्त्याखाली गेले होते आणि त्यावर डांबर पडूनही वर्षे झाली होती. कुंपणाच्या आत टेप लावून आम्ही जे मोजले, ते फक्त कुंपण मोजले. सहा फूट रुंद आणि सहासष्ट फूट लांब म्हणजे ३९६ चौरस फूट. शंभरातले अठरा भाग गेले. सातवीपर्यंतचे गणित त्या रात्री मी पाच वेळा करून पाहिले. उत्तर तेच येई.

विकणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. ते म्हणाले, “तुम्ही डोळ्यांनी बघून घेतलंत.” वकिलांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावले, की १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे मालमत्तेतला किंवा मालकीतला मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, घेणाऱ्याला ठाऊक नसेल आणि साधारण काळजी घेऊनही तो कळण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. पण जे साधारण काळजी घेतली असती तर कळले असते, ते पाहणे घेणाऱ्याचे काम. मग समोरचा विचारणार, मोजणी का केली नाही? दावा लावता येईल, पण विकणाऱ्याला ठाऊक होते हे सिद्ध करावे लागेल, आणि वर्षे जातील. आम्ही दावा लावला नाही.

शेजाऱ्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. दिवाळी झाली आणि स्वयंपाकघर पाडले. ओट्याचा कडाप्पा सासूबाईंनी अंगणात भिंतीला टेकवून ठेवायला सांगितला. पुन्हा स्वयंपाक टेबलावर, तोही व्हरांड्यात, पावसाळ्यात ताडपत्री लावून. त्या दिवसांत सासूबाई एकदाच बोलल्या. म्हणाल्या, “अगं, बाजारात मडकं घेताना आपण बोटानं वाजवून घेतो. आणि एवढं घर मात्र न वाजवता घेतलं.” त्यात राग नव्हता. राग असता तर बरे वाटले असते. २०१६ साली त्या गेल्या. ओटा पुन्हा बांधून झाला नव्हता.

हे सांगताना आजही माझा आवाज हलतो, पण एवढ्यासाठीच सांगितले, की मोजणी म्हणजे सरकारी कागद नव्हे, घरातल्या माणसाचे सुखदुःख त्यात असते.

आता दुसरी गोष्ट, आणि ती जरा अवघड आहे, कारण त्यातली एक व्यक्ती आज या सभागृहात आहे. तिची परवानगी घेऊनच सांगते.

२०२२ साली मुलगा मिळवता झाला, तेव्हा मोठे घर पाहायचे ठरले. ह्यांच्या एका सहकाऱ्यांचे पंचवीस वर्षांचे विटांच्या भिंतींचे घर विकायचे होते. ओळखीचे, घरोब्याचे लोक. यांनी शब्द दिल्यासारखेच केले होते. मी म्हटले, “घर छान आहे. पण मोजणी करू आणि इंजिनिअरला दाखवू.” हे चिडले. म्हणाले, “मित्रावर अविश्वास दाखवायचा? उद्या कोणत्या तोंडाने त्याच्याकडे जाऊ?” आमच्यात चार दिवस बोलणे नव्हते. पाचव्या दिवशी मी म्हटले, “अहो, दूधवाले भाऊ वीस वर्षं आपल्याकडे येतात, तरी दूध मापानंच घालतात ना? त्यात अविश्वास कुणाला दिसतो? मापानं मैत्री तुटत नाही. माप न घेतल्यानंच तुटते.” हे काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून अंगणात गेले आणि त्या कडाप्प्याच्या फरशीजवळ उभे राहिले. परत आले ते म्हणाले, “कर तुझ्या मनासारखं.”

मग आम्ही विसार पावतीतच लिहून घेतले, की मोजणी आणि इंजिनिअरचा अहवाल समाधानकारक आला तरच व्यवहार पुढे जाईल, नाहीतर विसाराचे ५१ हजार परत. भगिनींनो, हे वाक्य लक्षात ठेवा. विसार देण्याआधी ते लिहून घ्यावे, नंतर कोणी लिहून देत नाही.

मोजणीचा अर्ज जमीन ज्याच्या नावावर असते त्यालाच करावा लागतो. घेणाऱ्याला करता येत नाही. म्हणून सही त्यांची आणि फी आमची असे ठरवले. लगतच्या धारकांना नोटिसा जातात, मग मोजणीदार येऊन मापे घेतात. माझ्या वडिलांच्या वेळी साखळी ओढून मोजत. तिची लांबी तेहतीस फूट आणि तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. त्या साखळीवरूनच आपला गुंठा आला. आता उपग्रहाशी जोडलेले यंत्र खांबावर धरून मोजतात. मोजणी झाल्यावर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. तिच्यावर अभिलेखातली हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या तर देवाला नारळ फोडावा. नाही बसल्या तर आधी तंटा मिटवावा, मग पैसे द्यावेत.

त्या घराची मोजणी चोख निघाली. ह्यांचा चेहरा खुलला. “बघ, उगाच संशय,” असे म्हणालेही.

मग इंजिनिअरबाई आल्या. त्यांनी पाच हजार रुपये घेतले आणि पावणेतीन तास घरात होत्या. त्यांनी काय काय पाहिले ते मी मागे मागे फिरून पाहिले आणि घरी येऊन मुलाच्या जुन्या वहीत लिहून ठेवले. ती वही आज आणली आहे.

पहिल्यांदा त्या घरात शिरल्याच नाहीत. बाहेरून चारी बाजूंनी फिरल्या. पावसाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, जोते रस्त्यापेक्षा उंच आहे की रस्ता थर चढत चढत जोत्याच्या वर आला आहे, शेजारची मोरी आपल्या भिंतीत मुरते का, मोठे झाड पायाला किती जवळ आहे, हे पाहिले. शौचाची टाकी कुठे आणि बोअर कुठे, त्यांच्यात किती अंतर, हे विचारले.

मग भिंती. ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का पाहिले, पाणसळीने फरशीचा उतार पाहिला. लाकडी दांड्याने गिलावा ठोकत गेल्या. घट्ट असेल तिथे खणखणीत आवाज, सुटलेला असेल तिथे पोकळ आवाज. तेव्हा मला सासूबाईंचे मडके आठवले. जमिनीलगत भिंतीवर पांढरा खार फुटला आहे का हे कपाट सरकवून पाहिले. म्हणाल्या, “घर दाखवताना लोक कपाट नेमकं ओलीच्याच जागी ठेवतात.” खालच्या चार फुटांनाच नवा रंग दिसला, तर तो का दिला हे जरूर विचारावे.

स्लॅबच्या खालच्या बाजूला तांबूस डाग आणि उकललेले पोपडे पाहिले. आतली सळई गंजली की फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडते. त्यांनी न्हाणीघराच्या स्लॅबवर एका ठिकाणी थोडे फोडून त्यावर पाण्यासारखे बिनरंगी औषध शिंपडले. काँक्रीट धड असेल तर ते गुलाबी होते; जिथे त्याचा कस गेला आहे तिथे रंग येत नाही, आणि तिथली सळई गंजायला मोकळी होते. आमच्यापुढे गुलाबी रंग आला तेव्हा घरमालकीणबाई आणि मी दोघी हसलो.

विजेच्या तारा किती जुन्या, अर्थिंग आहे का, बटणाच्या पाट्या करपल्या आहेत का, टाकी भरली की वरचा पाइप पाझरतो का, दारे चौकटीत अडतात का, लाकडाला वाळवी आहे का, सारे टिपून घेतले.

शेवटी त्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेल्या एका भेगेपाशी थांबल्या. भेग बारीक होती. आम्ही ती पाहिलीही नव्हती. त्यांनी विचारले, “पाया कसल्या जमिनीवर आहे?” मालक म्हणाले, “काळीच माती की, इथं सगळीकडे तीच.” बाईंनी मला समजावले, की आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. पाया मुरमापर्यंत खोल नेला नसेल, तर घर दरवर्षी श्वास घेतल्यासारखे वर-खाली होते. गिलाव्याच्या बारीक भेगा निरुपद्रवी असतात. पण तिरपी भेग वाढती आहे की जुनी थांबलेली, हे एका दिवसात कोणालाच सांगता येत नाही. म्हणून त्यांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवली आणि तारीख घातली. भिंत हलली तर काच तडकते. तेव्हा एप्रिल संपत आला होता. म्हणाल्या, “पहिला पाऊस होऊन जाऊ दे.”

जूनअखेर आम्ही गेलो. काच दुभंगली होती.

बाईंनी सहा पानांचा अहवाल दिला. पाया मजबूत करायला अंदाजे चार लाख लागतील असे लिहिले. आम्ही म्हटले, तेवढी किंमत कमी करा, आम्ही घर घेतो. ते तयार झाले नाहीत. त्यांना वाटले, आम्हीच खोट काढतो आहोत. विसार परत मिळाला, पण त्यांच्या घरातले येणेजाणे बंद झाले. माझी ही मैत्रीण दोन वर्षे माझ्याकडे हळदीकुंकवाला आली नाही. मंडळात समोरासमोर बसून आम्ही एकमेकींशी बोललो नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण घर तपासून घेण्याची किंमत नुसती फी नसते, कधी कधी अशीही असते. मला पुष्कळदा वाटे, आपण चुकलो का?

२०२४ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ती दारात उभी राहिली. भेगेत बोट जाऊ लागले होते. तिने फक्त एवढेच विचारले, “त्या इंजिनिअरबाईंचा नंबर आहे का गं?” मी आधी तिला आत घेतले, चहा टाकला, मग नंबर दिला. आज त्या घराचा पाया दुरुस्त झाला आहे, आणि ती पहिल्या रांगेत बसली आहे. मला भाषणाला उभी करण्यात तिचाच हात मोठा आहे.

मधल्या काळात, २०२३ मध्ये, आम्ही जुने घर विकले आणि आताचे घेतले. जुने विकताना मोजणीचा नकाशा आधी पुढे ठेवला आणि रुंदी तेहतीस नाही, सत्तावीस आहे, हे स्वतः सांगितले. किंमत कमी आली, पण झोप पुरी आली. नव्या घराच्या मोजणीत शेजाऱ्यांची भिंत आठ इंच आत आलेली निघाली. ते खरेदीआधीच लेखी मिटवले. गच्चीची गळती आणि अर्थिंग नसलेली वायरिंग अहवालात आली, म्हणून किंमत दीड लाखाने उतरली. घर माझ्या एकटीच्या नावावर झाले. कारण विचाराल तर २०२१ पासून आपल्या राज्यात बाईच्या नावावर राहते घर घेतले की मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. घर ४२ लाखांचे. ४२ हजार वाचले. मोजणीची फी आणि इंजिनिअरबाईंची फी त्यातून निघून वर उरले. हे थट्टेने म्हणतात, “सवलतीसाठी तुझ्या नावावर केलं.” मी म्हणते, असू दे.

आता वहीतल्या काही सूचना सांगते आणि संपवते.

एक. घर शक्यतो पावसाळ्यात पाहावे. उन्हाळ्यात सगळीच घरे कोरडी असतात. आपल्या गावात तर कृष्णामाईचे पाणी कुठवर येते हे विचारल्यावाचून घर घेऊच नये. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, हे आपण विसरलेलो नाही. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर असते. निळ्या रेषेच्या आत घर असेल तर तो धोका ओळखावा. आणि नकाशाबरोबरच त्या गल्लीतल्या बायकांना विचारावे. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कितव्या पायरीपर्यंत आले, नळ किती वाजता येतो, उन्हाळ्यात बोअर आटते का, हे बायकांइतके खरे कोणी सांगत नाही.

दोन. कागद वकिलांकडून पाहून घ्यावेत. तीस वर्षांचा शोध घ्यायला सांगावे. सातबारा असेल तर ‘इतर हक्क’ हा रकाना वाचावा; बोजा तिथे दिसतो. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा हा घरपट्टीसाठी असतो, तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. वडिलार्जित घर असेल तर विकणाऱ्याच्या बहिणींच्या सह्या आहेत का पाहावे. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. आपण बहिणी असून बहिणीची सही नसलेले घर घ्यावे, हे शोभत नाही.

तीन. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर तो नियमित झाल्याचे प्रमाणपत्र मागावे. गुंठेवारीचा कायदा २००१ चा आहे, आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांसाठी वाढवली. पण मुदत वाढली म्हणजे तुम्ही घेत असलेला प्लॉट आपोआप नियमित झाला असे नव्हे. शहरात घर असेल तर विकास आराखड्यात त्यावरून रस्ता किंवा आरक्षण जात नाही ना, हेही पाहावे.

चार. नवा फ्लॅट घ्यायचा तर महारेराचा नोंदणी क्रमांक आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. ताबा घेतल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत बिनखर्चात दुरुस्त करून द्यायचा, असे त्या कायद्यात आहे. जुना फ्लॅट असेल तर सोसायटीकडे इमारतीच्या तपासणीचा अहवाल मागावा. आपला फ्लॅट चकचकीत असून खालचे खांब खिळखिळे असले, तर काय उपयोग?

पाच. इंजिनिअर आपला असावा. विकणाऱ्याने सुचवलेला नको, एजंटाने आणलेला नको. फी आपण द्यावी, अहवाल लेखी आणि सहीचा घ्यावा, आणि तपासणीच्या वेळी बाईने स्वतः हजर राहावे. पुरुष कागद पाहतील. पण मोरी तुंबते कुठे, भिंतीला ओल कुठे, हे आपल्याला त्या घरात रोज सोसायचे असते.

आणि सहावी सूचना कागदावर नाही. घरात कोणी म्हणेल, “तुला काय कळतं?” भगिनींनो, मला खरेच कळत नव्हते. ज्याला कळते त्याला बोलवा, एवढेच मी म्हटले. एवढे म्हणायला सातवीपेक्षा जास्त शिकावे लागत नाही. २०११ मध्ये मी ते म्हटले नाही, याचे मला वाईट वाटते. २०२२ मध्ये म्हटले, याचे समाधान आहे.

नव्या घरात राहायला गेलो त्या दिवशी पाडव्याची सकाळ होती. तो जुना कडाप्पा, दहा वर्षे ऊनपावसात भिंतीला टेकून राहिलेला, यांनी गवंड्याकडून घासून नव्या ओट्याला बसवून घेतला होता. मला सांगितले नव्हते. मी त्यावर दूध ऊतू घातले. नंतर कोणी बघत नाही असे पाहून बोटाने तो जरा वाजवूनही पाहिला. आवाज चांगला आला.